पेन्शनच्या खात्यातून गेमची खरेदी: नातवाचं गुपित पाळावं का?

पत्र

सप्रेम नमस्कार.

मी ७३ वर्षांचा, सरकारी नोकरीतून निवृत्त. इंदूरला रामबागेत आमचं घर. आम्ही दोघं, मुलगा, सून आणि बारा वर्षांचा नातू असे एकत्र राहतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मोबाइलवरची बारीक अक्षरं मला नीट दिसत नाहीत. त्यामुळे दूधवाल्याचे, औषधांचे पैसे माझ्या फोनवरून नातूच देतो. पिन मीच त्याला सांगितला आहे.

मागच्या आठवड्यात पासबुक भरायला बँकेत गेलो. मशीन थांबेचना. एक पान भरलं, उलटलं, दुसरंही भरलं. मला वाटलं मशीन बिघडलं. घरी येऊन भिंग लावून पाहतो तर एकाखाली एक यूपीआयच्या नोंदी. ८९, ८९, ४४९, पुन्हा ८९, मग ८९९. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत अशा ७१ नोंदी, एकूण ४३,७६० रुपये.

नातवाला जवळ बसवून विचारलं. आधी "मला नाही माहीत" म्हणाला, मग रडायलाच लागला. गेममध्ये कपडे, बंदुकांचे रंग आणि कसल्याशा पेट्या उघडायला पैसे लागतात म्हणे. बँकेचे मेसेज तो पुसून टाकत होता. आता एकच धरून बसलाय, "आबा, बाबांना सांगू नका." मुलगा तापट आहे, हात उगारतो. मी नातवाला शब्द दिला आहे.

सकाळी फिरायला येणारे मित्र म्हणतात, बँकेत सांगा की फ्रॉड झाला, पैसे परत येतील. तसं करू का? याला चोरी म्हणायची का? पैसे माझे आहेत, मी सोडून दिले तर कुणाचं काय बिघडतं? मुलाला कळू न देता हे मिटवता येईल का? आणि फोन पुन्हा नातवाच्या हातात द्यावा का?

— एक आजोबा, इंदूर

उत्तर

नमस्कार काका,

पिन ताबडतोब बदला, एवढं दोन ओळींचं उत्तर तुम्हाला त्याच दिवशी पाठवलं होतं. बाकीचं आता सविस्तर लिहिते. प्रश्न तुम्ही विचारलेत त्या क्रमाने घेत नाही, कारण तुमचा चौथा प्रश्न खरं तर पहिला आहे.

मुलाला कळू न देता हे मिटवता येईल. पेन्शन तुमची, खातं तुमचं, विचारणारं कुणी नाही. पण तसं मिटवू नका. तुमच्या नातवाने दोन महिने एक गोष्ट एकट्याने लपवली. रोज मेसेज पुसायचे, रोज फोन जागेवर ठेवायचा, रोज जेवताना सगळ्यांसमोर सहज बसायचं. बारा वर्षांच्या पोराला हे ओझं सोपं नाही, आणि तुमच्यासमोर तो रडला त्यात पश्चात्तापाइतकीच सुटकाही असणार. आता तुम्ही शब्द दिल्यामुळे तेच लपवणं तुम्ही दोघं मिळून करणार आहात. उद्या सुनेने सहज विचारलं, "बाबा, पासबुक भरलंत का?" तर तुम्ही काय सांगणार? आणि तुम्ही जे सांगाल ते ऐकत नातू शेजारीच बसलेला असेल.

शिवाय हे गुपित टिकणार नाही. पासबुक घरातच आहे, आणि इंदूरच्या आपल्या मराठी घरांमध्ये रामबागेतली गोष्ट लोकमान्य नगरात पोचायला किती वेळ लागतो ते तुम्हाला मी सांगायला नको. फिरायला येणाऱ्या मित्रांना तुम्ही सांगितलंच आहे. मुलाला हे त्यांच्यापैकी कुणाच्या तोंडून कळलं, तर त्याचा राग दुप्पट होईल आणि त्यातला अर्धा तुमच्यावर निघेल.

तुम्ही दिलेल्या शब्दाचं काय? तो मागे घ्या, पण नातवाला सांगून घ्या. त्याच्या पाठीमागे मुलाला सांगू नका. "मी बाबांना सांगणार आहे, तू शेजारी बसशील, आणि तुझ्या अंगाला कुणी हात लावणार नाही, हे मी बघतो." त्याला भीती माराची आहे, सांगण्याची नाही. तुम्ही शब्द पाळायचा असेल तर हा पाळा.

आता मित्रांच्या सल्ल्याविषयी. सकाळी फिरणाऱ्या मंडळींकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असतो आणि पोह्यांच्या ठेल्यापर्यंत पोचेस्तोवर तो सर्वानुमते मंजूरही होतो. हा मात्र सपशेल चुकीचा आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात अशा व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, हे ठरवून दिलं. बँकेचीही चूक नाही, ग्राहकाचीही नाही, भलत्याच कुणी पैसे काढले आणि ग्राहकाने ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. पण ग्राहकाने स्वतःच पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. तुमच्या ७१ व्यवहारांमध्ये बरोबर पिन टाकलेला आहे, तुमच्याच फोनवरून, तुमच्याच सिमवरून. बँक ते दोन मिनिटांत दाखवून देईल. मग तुम्हाला सांगावं लागेल की पिन कुणाला माहीत होता. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक उत्तम आहे, पण तो खऱ्या फसवणुकीसाठी. तिथे "कुणी अनोळखी माणसाने लुबाडलं" असं लिहून देणं म्हणजे खोटी तक्रार. आणि ती तक्रार लिहिताना नातू बघत असेल तर तो काय शिकेल, हे वेगळं सांगत नाही.

खरं सांगून पैसे मागण्याचा रस्ता आहे. तो पूर्ण यशाचा नाही, पण प्रामाणिक आहे आणि बऱ्याचदा काही रक्कम हाती लागते. त्याकडे येतेच. त्याआधी "ही चोरी का?" हा प्रश्न घेते. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त दुखलेला शब्द तोच वाटला.

नातवाने तुमच्या पाकिटातून पाचशेच्या नोटा काढल्या असत्या तर त्याला पहिल्याच नोटेला कळलं असतं की आपण काय करतोय. इथे तसं होऊ नये अशीच सगळी मांडणी असते. गेममध्ये रुपये कुठेच दिसत नाहीत. दिसतात ती नाणी, हिरे, पॉइंट. जत्रेत पाळण्यात बसायला आधी टोकन घ्यावं लागतं तसं. एकदा टोकन हातात आलं की ते पैसे वाटत नाहीत, संपवायची वस्तू वाटते. त्यात पाकिटांची रचना अशी की हवी ती वस्तू समजा साडेतीनशे नाण्यांची, तर पाकीट मिळणार तीनशेचं नाहीतर सहाशेचं. मोठं घ्यावं तर अडीचशे उरतात, आणि उरलेली नाणी खुणावत राहतात. कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत असतं, "ही ऑफर संपायला ३ तास". पहिल्या खरेदीवर दुप्पट नाणी. दर काही आठवड्यांनी नवा सीझन, नवा पास, आणि पास घेतला तरच मधली बक्षिसं.

नातू ज्या "पेट्या" म्हणतोय त्यांची गंमत आणखी वेगळी आहे. पेटीत काय निघेल ते पैसे भरल्यावर कळतं. हवा असलेला पोशाख निघण्याची शक्यता अगदी थोडी, उरलेल्या वेळी किरकोळ काहीतरी. मोठी माणसं लॉटरीच्या दुकानासमोर जे करतात तेच. बेल्जियमने २०१८मध्ये अशा पैशांच्या पेट्यांना जुगाराच्या कायद्याखाली आणलं. आपल्याकडे त्यासाठी अजून तसा स्वतंत्र नियम नाही. पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि १३ प्रकार नाव घेऊन सांगितले. खोटी घाई निर्माण करणं हा त्यातला एक, आणि सारखं मागे लागणं हा दुसरा. तक्रार लिहिताना हे शब्द उपयोगी पडतात.

बड्या कंपन्यांनाही हे भोवलेलं आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४च्या जानेवारीत ॲपलला किमान ३ कोटी २५ लाख डॉलर पालकांना परत करायला लावले. एकदा पासवर्ड टाकला की पुढची १५ मिनिटं मूल न विचारता कितीही खरेदी करू शकत होतं, आणि हे पालकांना सांगितलेलंच नव्हतं. त्याच वर्षी गूगलला १ कोटी ९० लाख डॉलर द्यावे लागले. तिथे ही मुदत अर्ध्या तासाची होती. फोर्टनाइट गेमवाल्या एपिक गेम्सवर २०२२च्या डिसेंबरात कारवाई झाली तेव्हा नकळत होणाऱ्या खरेदीसाठी २४ कोटी ५० लाख डॉलर परताव्याला बाजूला काढावे लागले. बटणांची ठेवणच अशी होती की एका चुकीच्या दाबाने पैसे जायचे. हे पैसे तिकडच्या ग्राहकांचे, तुम्हाला त्यातला छदामही मिळणार नाही. पण तुमचा मुलगा "आमचंच कार्टं असं निघालं" म्हणाला, तर त्याला हे ऐकवा.

म्हणजे नातवाची चूक नाही का? आहे. मेसेज पुसले, तिथे त्याला कळत होतं. पहिल्या ८९ रुपयांना कदाचित कळलं नसेल, विसाव्या वेळी नक्की कळत होतं. चूक म्हणा, लपवाछपवी म्हणा, विश्वास मोडला म्हणा. चोर म्हणू नका. ज्याच्या हातात घरानेच पिन दिला, ज्याला रोज "पैसे पाठव रे" म्हणून बोलावलं, त्याला तो शब्द लावला की तो वीस वर्षं चिकटून राहतो, आणि पुढच्या प्रत्येक हरवलेल्या वस्तूच्या वेळी घरातले डोळे त्याच्याकडे वळतात.

त्याला एक विचारा. ओरडून नाही, शेजारी बसून. गेममधलं त्याचं सगळं सामान उघडून दाखवायला सांगा: हे काय, कधी घेतलं, का घेतलं. तुम्हाला नीट दिसत नसेल तर त्याला वाचून दाखवू द्या. माझा अंदाज आहे की बऱ्याच वस्तू त्याने स्वतःसाठी घेतलेल्याच नसतील. अशा गेममध्ये मित्रांना भेट पाठवता येते. ज्याचा खेळाडू फुकटच्या साध्या कपड्यांत फिरतो त्याला "नूब" म्हणून चिडवतात, संघात घेत नाहीत. नवा पोशाख आणणाऱ्याला मात्र सगळे बोलावतात. शाळेतल्या कुठल्या मुलांनी त्याला हे करायला लावलं असेल, तर तेही याच बोलण्यात बाहेर येईल. आलं तर त्या मुलांच्या घरी वसुलीला जाऊ नका. फक्त समजून घ्या.

आता पैशांकडे. गूगल प्लेवरून झालेल्या खरेदीचा परतावा मागायला सगळ्यात सोपा काळ पहिल्या ४८ तासांचा. तुमच्या बाबतीत तो केव्हाच उलटला. पण हे वाचणाऱ्या ज्या आईबाबांच्या फोनवर आज सकाळीच मेसेज आला असेल त्यांनी इथेच थांबावं आणि आधी तो अर्ज करावा. तुम्हालाही अर्ज करायचाच आहे. प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या फोटोवर बोट ठेवलं की पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स, त्यात बजेट अँड हिस्टरी. तिथे प्रत्येक खरेदीची तारीख आणि रक्कम आहे, आणि पावतीच्या ईमेलवर "जीपीए"ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक. परताव्याच्या अर्जात कारण निवडायचं असतं. घरातल्या कुणी संमतीशिवाय खरेदी केली, असं खरं कारण निवडा. अनोळखी माणसाने केलेल्या व्यवहारांसाठी १२० दिवसांची वेगळी वाट आहे. मित्र तुम्हाला तीच सुचवतील. ती तुमची नाही.

गूगलने नाही म्हटलं तर गेम बनवणाऱ्या कंपनीला लिहायचं. मुलाचं वय, तारखा, ऑर्डर क्रमांक, रक्कम आणि संमती नव्हती हे एका पानात. ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. भारतीय करार कायदा १८७२चा आहे आणि त्याच्या कलम ११प्रमाणे अल्पवयीन व्यक्ती करार करायला पात्र नाही. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, कोलकात्याच्या मोहरीबीबी खटल्यात स्पष्ट सांगितलं की अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्द. तिथे पोराने सावकाराकडे घर गहाण टाकलं होतं, तुमच्या नातवाने बंदुकीला रंग लावला आहे, तत्त्व तेच. हे पत्रात जरूर लिहा. मात्र कंपनी म्हणणार की खातं सज्ञान माणसाचं, पिन त्याचाच, आमच्या दृष्टीने खरेदी तुम्हीच केली. या म्हणण्यातही दम आहे, म्हणून कायद्याच्या जोरावर सगळे पैसे येतीलच असं मनात धरू नका.

तरीही नाही झालं तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, तिथे ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. ४३ हजारांसाठी तिथवर जायचं का, हे तुमच्या गुडघ्यांना विचारून ठरवा. मी असते तर कंपनीच्या नकारानंतर १९१५वर थांबले असते.

परतावा मिळाला तर घेतलेलं सामान परत जातं, आणि काही वेळा गेममधलं खातंच बंद होतं. हे नातवाला आधी सांगा, मागाहून नको. आणि हे सगळे अर्ज त्यालाच भरायला लावा. ऑर्डर क्रमांक त्याने वाचायचे, तुम्ही वहीत लिहायचे, बेरीज दोघांनी करायची. ७१ ओळी लिहिताना ८९ला ८९ जोडत गेलं की ४३ हजार कसे होतात ते त्याला वहीवर दिसेल. मारापेक्षा याची आठवण जास्त राहते, असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. गेम फोनमधून काढून टाकला म्हणजे पास बंद होत नाही. आठवड्याचं किंवा महिन्याचं सबस्क्रिप्शन असेल तर ते प्ले स्टोअरमध्ये जाऊन वेगळं रद्द करावं लागतं, आणि यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपेच्या, म्हणजे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांच्या, यादीतही एकदा पाहायला हवं. तुमच्या नोंदींमध्ये ८९ इतक्यांदा आलाय की मला तिथेच शंका येते.

प्ले स्टोअरमध्ये असतानाच खरेदीची पडताळणी "नेहमी" अशी करून ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी पासवर्ड विचारेल. नाहीतर एकदा पासवर्ड टाकला की पुढचा अर्धा तास तो पुन्हा विचारला जाणार नाही, असं होऊ शकतं. बजेटची सोय दिसेल, तिच्यावर विसंबू नका. ती फक्त सूचना देते, अडवत नाही. नातवाला स्वतःचा फोन द्यायची वेळ येईल तेव्हा त्याचं खातं गूगलच्या फॅमिली लिंक या सोयीने सून किंवा मुलाच्या खात्याला जोडा, मग खरेदीची परवानगी त्यांच्या फोनवर मागितली जाते. तीही गूगलच्या पैसे भरण्याच्या पद्धतीतून झालेल्या खरेदीपुरतीच, एवढं लक्षात ठेवा. कोपऱ्यावरच्या रिचार्जवाल्याकडून रोख पैशांत आणलेल्या कोडला ती अडवेलच असं नाही. घरी आयफोन असेल तर स्क्रीन टाइममध्ये ॲपमधली खरेदी पूर्ण बंद करता येते.

आणि काका, पेन्शनचं खातं यूपीआयला जोडलेलं नसावं. दूध, भाजी, औषधं यांच्यासाठी दुसरं एक साधं बचत खातं ठेवा, त्यात महिन्याला लागतील तेवढेच पैसे टाका, आणि यूपीआय त्याला जोडा. पिन कुणालाच सांगू नका, मलाही नाही, बँकेच्या साहेबांनाही नाही. अक्षरं दिसत नसतील तर फोनच्या सेटिंगमध्ये ती मोठी होतात. हे काम नातवाला सांगा. करेल आनंदाने.

कुणी तुम्हाला म्हणेल, "सरकारने २०२५मध्ये हे गेम बंद केलेत ना?" तो कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. पोशाख आणि बंदुकीचे रंग विकणारे गेम त्यात मोडत नाहीत. त्या आशेवर बसू नका.

आता मुलाला सांगायचा प्रसंग. सून घरात असताना सांगा. दोघांना एकदम. तुम्ही बोलायचं, नातवाने नाही. पहिलं वाक्य तुमचं असावं, "पिन मी दिला होता." यात त्याची बाजू घेणं नाही, घडलं ते तसंच आहे. दुसरं, रक्कम. गोल करून सांगू नका, पूर्ण सांगा. तिसरं, काय काय केलंय: पिन बदलला, अर्ज भरले, वही ही. रागावलेल्या माणसासमोर कागद ठेवला की त्याचा हात कागदाकडे जातो. सूनबाई म्हणतील, "मी कधीची सांगत होते, त्याच्या हातात फोन देऊ नका." ऐकून घ्या. त्या सांगत असतीलच.

मुलाने हात उगारला तर मध्ये उभे राहा. मी हे उगाच लिहीत नाही. २०२१च्या जुलैत आपल्या मध्य प्रदेशातच एका तेरा वर्षांच्या मुलाने गेममध्ये चाळीसेक हजार रुपये गेल्यानंतर जीव दिला होता. तुमचा नातू तसं काही करेल असं मी म्हणत नाही. पण घाबरलेलं पोर घरात किती एकटं पडतं, हे तुमच्या मुलाला त्या रात्री कुणीतरी सांगायला हवं, आणि घरात ते सांगू शकणारे तुम्हीच आहात. पुढचे काही दिवस नातू जेवत नसेल, शाळेला जायला टाळत असेल, "मी नसतो तर बरं झालं असतं" असलं काही बोलला, तर ते नाटक समजू नका, त्याला एकटं सोडू नका. टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, दिवसरात्र चालू असते, फोन फुकट आहे.

"व्यसन लागलंय याला" हाही शब्द इतक्यात नको. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली आहे, पण त्यासाठी साधारण वर्षभर खेळावरचा ताबा सुटलेला असणं, बाकी सगळं मागे पडणं अशा खुणा लागतात. तुमचा नातू शाळेत जातो, तुमची औषधं आणतो, पकडल्यावर रडतो. हे दुकानदाराने चांगलं ओळखलेलं गिऱ्हाईक आहे, रुग्ण नव्हे.

पैशांची भरपाई त्याने करावी का? थोडी, हो. दिवाळीत हातावर मिळणारे पैसे या वर्षी तुमच्याकडे जमा, असं त्याच्याच तोंडून ठरू द्या. सगळी रक्कम फेडायला लावू नका, बारा वर्षांच्या माणसाला ४३ हजार म्हणजे जन्मठेप. आणि पाहुण्यांसमोर, वाढदिवसाला, गणपतीत आरतीला जमलेल्या मंडळींत हा विषय निघता कामा नये. गमतीनेसुद्धा. "काय रे, आज किती उडवले?" असं एखादा काका म्हणतोच. त्याला तिथेच गप्प करायचं काम तुमचं.

"पैसे माझे, सोडून दिले तर काय बिघडतं," असं तुम्ही लिहिलंत. जे परत येणार नाहीत ते सोडावेच लागतील, आणि तुम्ही ते मोठ्या मनाने सोडाल हे पत्रावरून दिसतंय. फक्त अर्जांची उत्तरं येईपर्यंत नातवाला तसं सांगू नका.

राहिला शेवटचा प्रश्न, फोन परत द्यावा का. तुमचा फोन, नाही. पैसे पाठवायचं काम यापुढे सून किंवा मुलगा करेल, किंवा मोठ्या अक्षरांत तुम्ही स्वतः. गेम खेळायचा की नाही हे त्याच्या आईबाबांनी ठरवायचं, तुम्ही त्यात पडू नका. माझं मत विचाराल तर महिनाभर बंद, मग दिवसाची वेळ ठरवून, दिवाणखान्यात, ज्या फोनमध्ये पैशाची कुठलीच सोय नाही अशा फोनवर. आणि दूधवाल्याचे पैसे महिनाअखेर रोख द्यायचे ठरलं, तर ते त्याच्या हातून पाठवा. सुटे किती परत आणायचे तेही त्यालाच सांगू द्या.